कानाला एक बोट कमी

संशय घेणं हा माझा जुना स्वभाव, आणि नोकरीही मला त्याच कामाची मिळाली. पुसदला राहायचं, तालुक्यातल्या बालवाड्या तपासायच्या आणि वरती अहवाल पाठवायचा. पहिल्या सहा महिन्यांत मी इतके रिकामे वर्ग आणि इतके भरगच्च हजेरीपट पाहिले, की या गावच्या बालवाडीत पाऊल टाकल्यावर पोरं खरोखरच बसलेली दिसली, तेव्हा मला पहिली शंका आली.

गाव उमरखेडच्या रस्त्यापासून मैलभर आत होतं. बालवाडी बौद्ध वस्तीतल्या टिनाच्या शेडात भरायची. वस्तीनं छप्पन साली धर्म बदलला, शेड त्यानंतरचं. शिकवणारी त्याच वस्तीतली, विशीतली, सातवी पास. पोरांची नखं कापलेली, गाणी तोंडपाठ, दूध पावडरचा डबा झाकलेला. मी येणार हे कोणालाच कळवलं नव्हतं, तरी सगळं जागच्या जागी. मला ते अजिबात आवडलं नाही.

मागच्या ओळीत चार पोरी बसल्या होत्या. एक हसली आणि तिचे पुढचे दोन दात पडलेले दिसले. दात पडायला लागलेली पोर बालवाडीत काय करते, असं मी विचारलं, तर शिक्षिका म्हणाली, पाचच वर्षांची आहे. चौघीही पाचच वर्षांच्या. आता सापडली, असं मला वाटलं. जितकी डोकी जास्त तितकी दूध पावडर जास्त मिळायची, आणि ती कुठे मुरते हे मला चांगलं ठाऊक होतं.

जन्मतारखा त्या काळी गावात कोणाकडे नसत. शाळेत नाव घालताना एकच परीक्षा चाले: उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला, की पोर शाळेच्या वयाचं. मी चौघींना उभं केलं. चौघींचेही हात कानापासून बरोबर एक बोट अलीकडे थांबले. एकीच्या कानावर तेवढ्यात माशी बसली. तिनं त्याच हातानं ती झटकली आणि हात पुन्हा एक बोट मागे घेतला.

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. शिक्षिकेनं पोरांना अंगणात पाठवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिला रडू येईल अशी माझी अपेक्षा होती. ती रडली नाही.

"शाळेत नाव घातलं का पोरीले दाराजवळ बसवतेत, चपलाइपाशी," ती म्हणाली. "पाणीबी वरून ओततेत. अठी ते सगळ्याइच्या मधात बसते. म्हून मीच शिकवलं हात आखडाले. मले काढून टाका बाई, पण पोरीइले अजून एक वर्ष राहू द्या."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. पकडलं गेल्यावर प्रत्येकाकडे एक कहाणी तयार असते, हे मी तोवर शिकले होते. शाळा हाकेच्या अंतरावर होती. जाऊन बघायला दहा मिनिटंही लागली नसती. पण मला एसटी गाठायची होती, आणि खरं सांगायचं तर मला बघायचं नव्हतं. चोरी पकडल्याचा आनंद असतो, तो मला घालवायचा नव्हता.

अहवालात मी लिहिलं की वयाबाबत मुलांना खोटं शिकवलं जातं. वयाचा रकाना होता. शाळेत पोर कुठे बसते याचा नव्हता, आणि तो आखावा असं मला सुचलंही नाही. चार नावं पटावरून निघाली, शिक्षिकाही गेली. वरच्या साहेबांनी माझ्या बारीक नजरेचं कौतुक केलं. पुढे लहान मुलांच्या शिक्षणाचं धोरण ठरवणाऱ्या बैठकांना मला बोलावू लागले, ते या नजरेच्याच जोरावर. तिथे वयाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघत. मी खाली बघायचे.

कारण अहवाल दिला त्याच वर्षी, दिवाळीनंतर, दुसऱ्याच कामासाठी मी त्या गावच्या शाळेत गेले होते. पहिलीचा वर्ग भरला होता. सतरंजी अर्ध्या खोलीपर्यंतच होती. दाराशी, उघड्या फरशीवर, चपलांच्या शेजारी त्या चौघी बसल्या होत्या. मास्तर माझ्यासाठी खुर्ची आणायला गेले.

दात पडलेलीचे नवे दात आले होते. तिनं मला ओळखलं. मी काही विचारायच्या आत ती उठून उभी राहिली, उजवा हात डोक्यावरून नेला, कानाच्या एक बोट अलीकडे थांबवला, आणि माझ्याकडे बघत तो तसाच धरून ठेवला.