खंडेनवमीच्या पाटावर

गोळी घेतली की तासाभरात काम होतं, असं डोंबिवलीतल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलेलं. माझं तासाभरात फक्त डोकं दुखायचं आणि नाक चोंदायचं. डोस वाढवला, गोळी बदलली. नाक आणखी चोंदलं.

मग मी कंबरदुखीचं निमित्त काढून हॉलमध्ये झोपायला लागलो. बायकोने शेकायची पिशवी आणून दिली, पुढे काही विचारलं नाही. हळूहळू तिचं मोहने गावी, एकट्या राहणाऱ्या बहिणीकडे जाणं वाढलं. एकदा म्हणाली, "दसरा झाला की तिकडेच राहीन म्हणते. इथे माझ्यावाचून काय अडलंय?" सगळंच अडणार होतं. माझ्या तोंडून मात्र "बघ तुझं तू" एवढंच निघालं. त्या वाक्याची मला अजून चीड येते.

घाबरून मी ठाण्याला, वर्तकनगरात पुरुषांच्या असल्या तक्रारींचे एक तज्ज्ञ गाठले. डोंबिवलीत दवाखान्याच्या बाकावर अर्धी सोसायटी भेटते. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, गोळी जेवणाआधी घेता की नंतर? मी म्हटलं, मटणानंतर. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मग रिकाम्या पोटी घेऊन पाहिली, साखर आटोक्यात आणली, हार्मोन तपासले. फरक नाही. तेव्हा त्यांनी पुढचं सांगितलं: हवा खेचणारा पंप, नाहीतर त्याच जागी टोचायचं इंजेक्शन, आणि कशानेच नाही जमलं तर ऑपरेशन करून आत रॉड बसवायचा.

मी पंप निवडला. वागळे इस्टेटमधल्या पॅकिंगच्या कारखान्यात उभा जन्म व्हॅक्यूम पंपच दुरुस्त केलेत, असं मी सांगितलं तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा घाबरलेले दिसले. "कारखान्यातलं काही लावायचं नाही. ह्याचा दाब ठरलेला असतो. आणि नंतर मुळाशी चढवायची रिंग अर्ध्या तासाच्या आत काढायची. पुढच्या वेळी मिसेसना आणा." मी म्हटलं, ती गावाला गेलीय. ती घरी भेंडी चिरत होती.

पंप आणून मी हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली ठेवला. त्या पेटीला वर्षभर कोणी हात लावत नाही. खंडेनवमी मी साफ विसरलो.

त्या सकाळी आंघोळ करून आलो, तर पाटावर पाने, पक्कड, ड्रिल, तिची कात्री, मिक्सर, माझं शुगर तपासायचं मशीन मांडलेलं, आणि त्याच ओळीत पंप. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. शेजारच्या वहिनी प्रसादाला आल्या आणि सगळ्यांना एकत्रच हात जोडून गेल्या.

दार लागल्यावर बायको म्हणाली, "आतली पुस्तिका वाचली मी. चित्रंपण आहेत."

मी झेंडूकडे बघत राहिलो.

"म्हणजे कंबर दुखत नाही."

"नाही."

ती पाटासमोरच बसली. "आणि मला वाटलेलं, मीच नकोशी झालेय तुम्हाला. आरशात बघायचं सोडलेलं मी." मग तिला राग आला. "गोळ्या खाल्ल्या, ठाण्याला जाऊन आलात, मशीन आणलं. तोंड तेवढं उघडलं नाही."

मला लाज वाटली, आणि तिची फार माया आली. दोन्ही एकदम येऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

पंप कधी जमायचा, कधी नाही. म्हणून पुढच्या वेळी आम्ही दोघं ठाण्याला गेलो. इंजेक्शनचं ऐकून मी पांढरा पडलो. ती म्हणाली, "मी देईन की. सासूबाईंना इन्सुलिन मीच द्यायचे." डॉक्टर म्हणाले, पहिलं इथेच, आमच्यासमोर द्यायचं आणि व्यवस्थित शिकून घ्यायचं. रॉडबद्दलही तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"अजून काही विचारायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकच," ती म्हणाली. "ह्यातलं काहीच नाही जमलं, तरी हे माझ्या शेजारी झोपतील ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.