निखिलचं अपील आणि आईंची साक्ष

“याला इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणतात,” युरॉलॉजिस्ट बाई निखिलला म्हणाल्या. “हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. नसांना इजा झाली आहे.” निखिल भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते.

इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणजे शरीरसंबंधासाठी लिंगाला पुरेसा ताठरपणा न येणं, किंवा आलेला न टिकणं. हे मराठीत लिहिताना माझी बोटं अजून अडखळतात. पण आमच्यासारख्या घरांत यावर कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून निखिलला विचारून लिहितेय.

निखिल माझा नवरा. लंडनच्या एजवेअर भागात जन्मला, एकोणिसाव्या वर्षी ब्रिटिश आर्मीत गेला आणि अकरा वर्षं तिथे ट्रक चालवले. मी मेघना, पुण्याची; सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आले आणि त्याच्या प्रेमात पडले. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सैन्याच्या एका सरावात सामान उतरवताना तो ट्रकच्या मागच्या फळीवरून पाठीवर पडला.

त्याला कॉडा इक्वायना सिंड्रोम झाला. कण्याच्या तळाशी नसांचा एक जुडगा असतो, त्यावर सरकलेल्या चकतीचा दाब आला. पाय, लघवी, शौच, लैंगिक संवेदना, सगळ्यांच्या नसा तिथूनच जातात. तातडीने ऑपरेशन झालं. तो पुन्हा चालायला लागला आणि आम्ही देवाचे आभार मानून मोकळे झालो.

पण निखिल माझ्यापासून लांब जात राहिला. मी जवळ बसले की हा उठायचा. कधी केटल लावायला, कधी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला. आमच्याइतके रिकामे बिन अख्ख्या रस्त्यात कुणाचे नसतील. मला वाटायचं, मी त्याला नकोशी झाले. त्याला वाटायचं, खरं कळलं तर मी सोडून जाईन. अशी दोन वर्षं गेली. शेवटी मी रडून-भांडून त्याला जीपीकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं आणि तिथून आम्ही त्या युरॉलॉजिस्ट बाईंपुढे पोचलो.

सैन्यातल्या नोकरीत झालेल्या इजेसाठी इथे सरकारी भरपाई मिळते. पाठीची इजा आधीच मान्य झाली होती. ही इजाही त्यात धरावी म्हणून आम्ही अर्ज केला. नकार आला. फेरविचार मागितला, पुन्हा नकार. कारण एकच दिलं होतं. ऑपरेशननंतरच्या नोंदींत दोन ठिकाणी लिहिलं होतं की रुग्णाची लैंगिक तक्रार नाही. म्हणजे त्रास मागाहून, दुसऱ्याच कशाने तरी सुरू झाला असणार.

“दे थिंक आय मेड इट अप,” निखिल म्हणाला. ज्या आर्मीत अकरा वर्षं काढली, त्यांनाच आपण खोटारडे वाटतो, हे त्याला फार लागलं. त्याने गोळ्या बंद केल्या, फिजिओला जाणं सोडलं. मला रक्कम नको होती. माझा नवरा खरं बोलतोय एवढं कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं होतं, नाहीतर तो माझ्या हातून जाणार हे मला दिसत होतं.

अशा नकारावरचं अपील ट्रायब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जातं. माजी सैनिकांना मदत करणाऱ्या एका संस्थेतून ग्रॅहम नावाचे निवृत्त सार्जंट आमच्या घरी आले. त्यांनी कागद उलटसुलट वाचले आणि त्या दोन नोंदींवर बोट ठेवलं. “तू ‘ठीक आहे’ म्हणालास, तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?”

उत्तर मला माहीत होतं. आई. माझ्या सासूबाई.

आपल्याकडे पेशंटला एकटं सोडायची पद्धतच नाही. मला रजा मिळाली नाही की आई एजवेअरहून थालीपिठांचा डबा आणि रिपोर्टांची फाइल घेऊन हजर. वॉर्डात त्या पडद्याच्या आत बसलेल्या, पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर. डॉक्टरांनी विचारलं, लैंगिक बाबतीत काही बदल? तिशीतला मुलगा आईदेखत काय बोलणार?

ग्रॅहम म्हणाले, हे तुझ्या आईनेच पॅनलला सांगितलं तर बरं. “नो वे,” निखिल म्हणाला आणि वर निघून गेला.

मी आईंना परस्पर फोन करू शकले असते. तीन आठवडे रोज मनात येत होतं. केला नाही, कारण सांगायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं होतं. मग एका रविवारी सकाळी तो आपणहून म्हणाला, “चल, एजवेअरला जाऊ.”

आई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या. निखिल दारातच उभा राहून त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, “आई, मी डॉक्टरला खोटी बोललो. ऑपरेशननंतर ते... आय मीन, खाली काम नाही करत. मेघनाचा काही दोष नाही. तू तिथे बसली होती ना, म्हणून मी फाइन बोललो.”

मला वाटलं, आई आता रडणार, नाहीतर नातवंडाचं काढणार. त्या कोथिंबीर निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, “दोन्ही वेळेला नर्सने मला बाहेर थांबा म्हटलं होतं. मीच म्हणाले, आमच्यात आईपासून काही लपवत नाहीत. केवढ्या तोऱ्यात म्हणाले रे मी!” त्यांनी हात पुसले, त्याला खाली वाकायला लावलं आणि त्याचं डोकं छातीशी धरलं. “कुठे यायचं ते सांग.”

सुनावणी लंडनमध्ये होती. साध्या टेबलामागे तिघं बसले होते: एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि एक सैन्यात काम केलेल्या बाई. आईंनी दुभाषी नको म्हणून सांगितलं. साडीवर कार्डिगन घालून त्या ताठ बसल्या. “नर्स सेड, गो आउट. आय डिड नॉट गो,” त्या म्हणाल्या. “राइट डाउन माय मिस्टेक. डोन्ट राइट माय सन इज लायर.” मग त्यांनी न्यायाधीशांना विचारलं, आता तो बोलेल, मी बाहेर बसले तर चालेल का? आणि पर्स घेऊन त्या निघून गेल्या.

निखिलचे कान लाल झाले होते, पण त्याने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. काही गोष्टी मीही तिथेच पहिल्यांदा ऐकल्या.

तुमच्या घरात असं काही असेल तर मेडिकल रेकॉर्ड मागवून स्वतः वाचा. नकाराच्या पत्रावर अपिलाची मुदत असते, ती चुकवू नका. डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय असं म्हणायला लाजू नका. आणि सोबत गेलेल्या प्रेमळ माणसांनो, पाच मिनिटं बाहेर बसा. पेशंट कुठे पळून जात नाही.

निकाल पोस्टाने आला, एका शनिवारी. अपील मंजूर. पडल्यापासूनच ही इजा होती, अपीलकर्ता आणि त्याची आई खरं बोलत आहेत असं आम्हाला वाटतं, असं लिहिलं होतं. निखिलने ते वाक्य तीनदा वाचलं, मग आईंना फोनवर वाचून दाखवलं. युरॉलॉजिस्ट बाईंनी आता इंजेक्शन सुरू केलंय. कधी उपयोग होतो, कधी नाही. त्या बाईंचे, ग्रॅहमचे, आणि सगळ्यात जास्त आईंचे उपकार मी विसरणार नाही.

फोन ठेवून निखिल सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. “सगळ्यांनी मलाच विचारलं,” तो म्हणाला. “तुला कोणीच नाही विचारलं. तुला कसं होतं?”

“खूप एकटं वाटायचं रे,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. तो उठून गेला नाही.