अकरा वर्षांचे अनुमोदक

माझे वडील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर अकरा वर्षं सदस्य होते. हे त्यांना अकराव्या वर्षी कळलं, तेही माझ्याकडून, दुपारी जेवायला बसले असताना.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं, वडीगोद्रीहून आत फुटणाऱ्या रस्त्यावरचं. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा आणि ओट्यालगत बोअरचा नळ. बाबा गवंडी. त्या दोन खोल्यांचं प्लास्टर त्यांच्याच हातचं. प्लास्टर वाळलं तसं त्यांचं आत जाणं संपलं. येऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं. या असंही कोणी म्हटलं नव्हतं, आणि आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसांना न सांगितलेलं बरोबर ऐकू येतं. बाबा सातवी शिकलेले, पेपर अग्रलेखासकट वाचणारे. पण तो ते स्टँडवरच्या हॉटेलात वाचत.

मी जालन्याला जाऊन ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र कोर्स केला. वाचनालयातली ग्रंथपालाची जागा तेव्हा अध्यक्षांच्या भाच्याकडे होती. पगार बघून तो कंटाळला आणि शहागडला हायवेवर टायरचं दुकान टाकून बसला. मग जागेची जाहिरात निघाली. अर्ज एकच आला, तो माझा. मंडळाने दोन आठवडे दुसऱ्या अर्जाची वाट पाहिली आणि मग मला घेतलं.

पहिल्या दिवशी टेबलाचा ड्रॉवर उघडला तर आत तारखेचा शिक्का, वाळलेलं शाईचं पॅड आणि नळाची चावी निघाली. वाचनालयात नळाच्या चावीचं काय काम, हे मला समजलं नाही. मी ती तशीच राहू दिली.

रोज येणाऱ्या वाचकांत एक निवृत्त गुरुजी होते, तेही मंडळाचे सदस्य. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात तीनदा नाव विचारलं. आधी नुसतं नाव, मग पूर्ण नाव, मग कोणाच्या घरची. तिसऱ्या उत्तरानंतर ते पुस्तक माझ्या हातात देईनासे झाले, टेबलावर ठेवू लागले. मीही शिक्का मारून टेबलावरच ठेवायची. असं वर्षभर चाललं. टेबलाची काही तक्रार नव्हती.

वर्ष होत आलं तशी ग्रंथालय खात्याची तपासणी जवळ आली. माझी नेमणूक तोवर तात्पुरती होती. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी मान्यता दिली तर ती पक्की होणार होती. सचिवांचं खताचं दुकान, आणि सभांची इतिवृत्ताची वही त्यांच्या दुकानातच असायची. ती त्यांनी माझ्यापुढे टाकली.

"जरा नीटनेटकी करून ठिव. पानं सुटून राह्यलीत."

डिंक घेऊन मी वही उघडली. हजर सदस्यांच्या यादीत सातवं नाव बाबांचं होतं. मला वाटलं, दुसरा कोणी असेल. पण आमच्या गावात त्या नावाचा दुसरा माणूस नाही. सभेला मी स्वतः वर्षभर सहा खुर्च्या मांडत आले होते, आणि सदस्य सातच असतात असं वही म्हणत होती.

नावापुढे सही होती. झपकन मारलेली, तिरपी, खाली दोन टिंबं. बाबा सही करत नाहीत, नाव लिहितात. एकेक अक्षर बसवतात, आणि सगळं झालं की दोरी धरून भिंत जोखावी तशी वरची रेघ ओढतात.

मग मी ठराव वाचायला लागले. पडदे घेण्याचा ठराव, अनुमोदक बाबा. माजी अध्यक्षांच्या निधनाबद्दल दुखवटा, अनुमोदक बाबा. पेपर फाडणाऱ्यांना समज देण्याचा ठराव, अनुमोदक बाबा. अकरा वर्षांत त्यांनी एकाही गोष्टीला विरोध केला नव्हता. घरी तर भाजीत मीठ बरोबर आहे म्हणायलाही त्यांना वेळ लागतो.

सहा वर्षांपूर्वीच्या पानावर मी थांबले. "बाहेरील लोक वाचनालयाच्या नळावर पाणी भरत असल्याने वाचकांना त्रास होतो, सबब नळाची चावी काढून ठेवण्यात यावी." सूचक सचिव, अनुमोदक बाबा. तो उन्हाळा मला आठवतो. टँकर चार दिवसांआड येत होता. आई आणि शेजारची मावशी हंडे घेऊन वाचनालयाच्या नळावर गेल्या होत्या आणि रिकामे हंडे घेऊन परत आल्या. आई तेव्हा काही बोलली नाही. मावशी मात्र रस्ताभर बोलत आली होती. ती चावी आता माझ्या ड्रॉवरात होती.

शेवटच्या पानांत माझ्या नेमणुकीचा ठराव होता. त्यालाही बाबांचंच अनुमोदन होतं.

जेवताना मी सगळं सांगितलं. बाबांनी घास खाली ठेवला.

"मिटिंगला काय असतंय?" त्यांनी विचारलं.

"दर पानावर लिहिलंय, चहापानानंतर सभा संपली."

"अन् सही कशी हाय माझी?"

मी मोबाइलवर फोटो काढून आणला होता. त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"चांगली हाय," ते म्हणाले. "माझ्याच्यानं न्हाई झाली अशी."

आईला सहीत रस नव्हता. "नळाचं तुमी केलं व्हय?" तिने विचारलं.

"आगं, मी कवा गेल्तो तिथं?"

"नाव हाय न्हाई तुमचं?"

नाव होतं. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी समजावलं, ही सचिवांची करामत आहे. तिला ते पटलंही. पण सहा वर्षांचा राग ठेवायला तिला आता घरातच जागा मिळाली होती.

सचिवांना विचारलं तेव्हा ते बिलकुल गडबडले नाहीत. मंडळावर एक मागासवर्गीय नाव लागत होतं, म्हणाले. "त्या दिवशी तुझा बाप समोर परांचीवर व्हता. टाकलं नाव."

तपासणीचे साहेब आले. सभ्य माणूस. दाखल नोंदवही पाहिली, देवघेव पाहिली, माझं काम स्वच्छ आहे म्हणाले. मग नेमणुकीचा ठराव वाचला, माझा अर्ज वाचला आणि पुन्हा ठराव वाचला. माझं मधलं नाव आणि अनुमोदकाचं नाव एकच होतं.

"हे तुमचे कोण?"

"खेड्यात नावं सारखीच असत्यात साहेब," सचिव म्हणाले.

"वडील," मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा काढला. सदस्याचा जवळचा नातेवाईक पगारी कामावर चालत नाही, म्हणाले. एक तर ते राहतील नाहीतर तुम्ही. महिन्याच्या आत त्यांचा राजीनामा मंजूर करून पाठवा, नाहीतर तुमच्या नेमणुकीला मान्यता नाही.

त्या सह्या बाबांच्या नाहीत, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. अनुदान थांबून वाचनालय बंद पडलं असतं आणि त्याबरोबर माझी नोकरीही. शिवाय गावात कोणी म्हटलं नसतं की सचिवांमुळे बंद पडलं. मी खोटं बोलले नाही, एवढंच. ह्याची मला लाज वाटते.

दोन दिवसांनी सचिव आमच्या घरी आले. जन्मात पहिल्यांदा. राजीनामा टाइप करून आणला होता, "वैयक्तिक कारणास्तव". आईने खुर्ची दिली, पाणी दिलं. "आत्ताच पिऊन निघालो," ते म्हणाले. भर उन्हात चालत आलेले, कपाळावरून घाम गळत होता. तांब्या त्यांच्यापुढे तसाच राहिला.

बाबांनी राजीनामा अग्रलेखासारखा सगळा वाचला.

"मी सही केली तं जुळायची न्हाई," ते म्हणाले.

ही अडचण सचिवांच्या ध्यानात आली नव्हती. "मंग आम्हीच करून घेतो. तुम्हाला तरास कशाला?" बाबांना ते पहिल्यांदाच तुम्ही म्हणाले.

"राजीनामा देतो ना, बराबर देतो. पण मिटिंगीत येऊन देतो. अकरा साल झाले, येकदा बसून तं पाह्यतो."

सचिव गेल्यावर मी बाबांवर भडकले. सचिवांवर नाही, बाबांवर. त्यांच्यावर भडकण्यात काही धोका नव्हता.

"सही करून टाकायची ना बाबा! तुमची हौस होईल अन् माझी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी जाऊ देत न्हाई," ते म्हणाले. "पण मी जे केलंच न्हाई ते तुझ्या मायला माझं वाटून राह्यलंय. ते तिथं जाऊनच मिटंल."

सभा दुपारी चारची होती. मी सात खुर्च्या मांडल्या. बाबा लग्नातला पांढरा शर्ट घालून वेळेआधी आले आणि ओट्यावर थांबले. मोसंबीच्या बागेतून अध्यक्ष आले.

"अरे, तू? काय काम काढलं?"

सचिव त्यांच्या कानाशी लागले. अध्यक्ष म्हणाले, "हां हां, सदस्य. बस, बस." आपल्या मंडळात हा माणूस आहे, हे त्यांनाही तेव्हाच कळलं. वहीवर सही करण्यापूर्वी वाचायची त्यांना सवय नव्हती.

बाबा सातव्या खुर्चीवर बसले. आधी छताकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या प्लास्टरकडे. कुठेही तडा नव्हता. तपासणीनंतर वही माझ्याकडेच राहिली होती, म्हणून मी टेबलाशी इतिवृत्त लिहायला बसले. पहिला विषय राजीनाम्याचा, असं सचिव म्हणाले.

"त्याच्या आधी माझा येक ठराव हाय," बाबा म्हणाले. "नळाची चावी काढायचा ठराव रद्द करावा. त्याच्यावर माझं नाव हाय, मी तसं म्हनलो नव्हतो."

अध्यक्षांना घाई होती. "ठीक हाय. सूचक तू. अनुमोदक कोण?"

एकाने मोबाइल काढला. सचिव कागद सारखे करायला लागले. गुरुजींनी बोलायला तोंड उघडलं. मी पेन टेकवलं. ते म्हणाले, पंखा जरा वाढव.

बाबांनी एकेकाकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मी तुमच्या समद्या ठरावांना हो म्हनलो," ते म्हणाले. "माझ्या येकाला तुमी म्हना."

मी सदस्य नव्हते. असते तर ओरडून हो म्हटलं असतं, असं मला वाटतं. पण वर्षभर चावी माझ्याच ड्रॉवरात होती आणि कोणत्याही दिवशी मला ती नळाला लावता आली असती, हेही मला तिथेच आठवलं. मी पंखा वाढवला.

मग राजीनामा आला. त्याला सूचक दोन मिळाले आणि अनुमोदक चार. एकमताने मंजूर.

चहा आला तो सहा कप. हॉटेलवाल्याची चूक नव्हती, अकरा वर्षं तो सहाच पाठवत होता. "अर्धा अर्धा करू," सचिव म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," बाबा म्हणाले. "घरी होतोय माझा."

चहा पिता पिता सचिव माझ्याकडे वाकले. "ते नळाचं नको लिव्हू. झालंच न्हाई ना ते."

मी लिहिलं. नळाचा ठराव मांडला, सूचक बाबा. अनुमोदक कोणी मिळाले नाहीत. हजर सदस्य सात. सहा जणांच्या चहापानानंतर सभा संपली. अक्षर बरं आलं. वही अध्यक्षांपुढे गेली आणि त्यांनी नेहमीसारखी न वाचता सही केली. सचिव बघत राहिले, पण अध्यक्षांची सही झालेलं आता खोडणार कोण?

शेवटी वही बाबांकडे गेली. त्यांनी एकेक अक्षर बसवलं. सहा जण उठायच्या तयारीत उभे होते. वरची रेघ ओढून होईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं.

घरी आईने दारातच विचारलं, "झाला का रद्द?"

"न्हाई झाला."

"मंग?"

"लिव्हून ठिवलंय. कोन म्हनलं अन् कोन गप बसलं."

आईने आत जाऊन चहा ठेवला.

माझी मान्यता आली. त्यानंतर आठवड्याने सचिव वाचनालयात आले आणि टेबलाशी रेंगाळले. मंडळावर एक जागा रिकामी होती.

"तुमच्या वस्तीतलं येखादं नाव सांग. नातेवाईक नको. नुसतं नाव पाह्यजे."

मी शेजारच्या मावशीचं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मग पेन तसंच धरून ठेवलं.

"ती काही मिटिंगला येणार न्हाई ना?"

"येणार," मी म्हटलं.

आज तिची पहिली सभा आहे. तिला कोणी अनुमोदन देईल का, ते मला माहीत नाही. गुरुजींनी परवा पुस्तक माझ्या हातात दिलं, पण त्यावरून काही ठरवायला मी तयार नाही. सात खुर्च्या मांडल्या, ड्रॉवरातली चावी काढून टेबलाच्या मधोमध ठेवली आणि हॉटेलात जाऊन सात चहा सांगितले.

"सातवा कुनाचा?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"मावशीचा," मी म्हटलं. "जल्दी आण. तिला गार चालत न्हाई."