रेमंडला चुडाव्याला ठेवलं, त्याबद्दल

वसई रोड स्टेशनवर रेमंडची आय त्याला चारचौघांत "फादर" म्हणाली. गाडी हलल्यावर मात्र खिडकीची दांडी धरून चालायला लागली आणि म्हणाली, "रेमू, वेळेवर जेव रे." आम्हा दोघांना दीक्षा मिळून वर्षही झालं नव्हतं. आमच्या धर्मगुरूंच्या संघानं आम्हाला परभणीकडे धाडलं होतं. निजाम जाऊन काही वर्षं झाली होती, पण वसईत तो भाग अजून निजामाचाच म्हणायचे. मनमाडला गाडी बदलून चुडाव्याला उतरलो, तर नजर जाईल तिथवर काळी माती आणि एक नारळ दिसेल तर शपथ. माझं तोंड उतरलं. रेमंड म्हणाला, "बरं झालं, डोक्यात पडायची भीती गेली."

मल्लाप्पा नावाच्या लिंगायत दुकानदारानं आम्हाला घर भाड्यानं दिलं होतं. तिथं आम्ही दोघं आणि आमचे वरिष्ठ, मोठे फादर, एवढाच आमचा मठ. घंटेवर उठायचं, घंटेवर प्रार्थना, घंटेवर जेवण. मासळी-भातावर वाढलेलो आम्ही ज्वारीच्या भाकरीला शरण गेलो. मी पुस्तकी मराठी बोलायचो आणि बाया पदराआड हसायच्या. रेमंड मात्र धनगरांच्या वाड्यावर मेंढरांत बसून यायचा आणि घरातही "लय ऊन हाय" म्हणायचा. संध्याकाळी मल्लाप्पाच्या ओट्यावर शंकर मोठा की ख्रिस्त मोठा यावर त्याची आणि मल्लाप्पाची जुंपायची. हार कुणीच मानत नसे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला ते पोरकट वाटायचं, थोडा हेवाही वाटायचा.

मे महिन्यात एका दुपारी तो शेजारच्या गावाहून सायकलवर आला, माठातलं पाणी प्याला, "जरा पडतो" म्हणाला. घंटा झाली तरी उठेना म्हणून मी चिडून हाक मारायला गेलो. अंग तव्यासारखं तापलेलं आणि श्वास नाही. काल ज्याच्याशी मिठावरून भांडलो त्याच्या कपाळाला मी पवित्र तेल लावत होतो, आणि हे खोटं आहे, आता हसेल, असंच मला वाटत होतं. ऊन लागलं, असं गावानं एका शब्दात सांगितलं. ते मला आजही पटलेलं नाही. धट्टाकट्टा माणूस पाणी पिऊन मरतो कसा?

मोठे फादर हैदराबादला गेले होते. तार केली, पण ते किंवा रेमंडची माणसं येईपर्यंत त्या उकाड्यात थांबणं शक्य नव्हतं. शिवाय संघातला माणूस जिथं मरेल तिथंच त्याला पुरायचं, अशी आमची रीत. म्हणजे सगळं मलाच करायचं होतं. एकच धास्ती होती, की त्याच्या आयला काय तोंड दाखवू. निदान सगळं रीतीनं झालं, एवढं तरी तिला सांगता यावं.

मल्लाप्पा दारात आला. "फादर, तुमी बी माती देता, आमी बी माती देतो. खड्ड्याचं आमी बघतो, तुमी त्येंच्यापाशी बसा." मी रेमंडपाशी जाऊन बसलो.

उन्हं कलल्यावर घरामागच्या जागेत गेलो आणि हादरलोच. खड्डा चौकोनी होता. आत एका बाजूला, माणूस मांडी घालून बसेल एवढा कोनाडा कोरलेला, आणि त्याला विभूती लावलेली. लिंगायत आपल्या माणसाला बसवून पुरतात हे मला ऐकून माहीत होतं, पण त्या वेळी डोकं जाग्यावर कुठं होतं! मी कसंबसं म्हणालो, "मल्लाप्पा, आमच्यात निजवतात."

कुदळी थांबल्या. मल्लाप्पाला माझ्याहून मोठा धक्का बसला होता. "साधू माणसाला? निजवून? जनावर हाय का त्ये?"

"आम्ही ते झोपलेत असं मानतो. एक दिवस उठायचंय त्यांना."

मल्लाप्पानं खड्ड्यात एकदा डोकावून पाहिलं. मग "आता ह्यात बी वाद घालणार न्हाई त्येच्याशी" म्हणाला, आणि डोळे पुसून त्यानं स्वतः कुदळ उचलली. घामानं निथळत त्या माणसांनी तोच खड्डा लांब केला, कोनाडा मातीनं भरून काढला. मी प्रार्थना म्हटल्या. मल्लाप्पानं छातीवर बेलाचं पान ठेवलं. नियमात बसत होतं की नाही ठाऊक नाही, मी नको म्हणालो नाही.

चौथ्या दिवशी आय आली. सगळं सांगितलं, कोनाड्याचंही. तोवर परतलेले मोठे फादर म्हणाले, पुढे परवानगी काढून अस्थी वसईला नेता येतील. ती मातीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "नको. आपल्या सिमेटरीत काही वर्षांनी हाडं काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. इथं याची जागा कोण मागणार?"

वसईकरांनो, तुम्ही मला अजून विचारता, पोराला तिकडे एकटं का ठेवलं. त्यानंतर माझ्या किती बदल्या झाल्या. पत्र आलं की पेटी भरायची, खोली दुसऱ्या फादरसाठी मोकळी करायची. आता वसईतच आहे, घरापासून हाकेच्या अंतरावर, पण त्या घरात पुतण्याचा संसार आहे आणि मी पाहुणा म्हणून चहा घेऊन परततो. आम्ही दोघं घर सोडून निघालो, त्यात घर मिळालं ते रेमंडला.