मी लिहिलेल्या दोन विधवा

प्लेगच्या पहिल्या वर्षी मी पोलिसांच्या कचेरीत तर्जुम्याचा कारकून होतो. चौक्यांवरून मोडीत लिहिलेले पंचनामे यायचे, मी त्यांचा इंग्रजीत गोषवारा करायचो आणि साहेब त्यावर सही करायचे. साहेबांना मराठी येत नसे, जमादारांना इंग्रजी. एकाचं दुसऱ्याला कळायचं ते माझ्यामार्फत, आणि त्याचा मला भारी तोरा होता. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांची कारकुनी. लेखणी आमची, बाकीच्यांनी फार तर शाई वाळवावी, असा गिरगावातल्या आमच्या घराचा एकंदर समज.

परळच्या चौकीवर एक जमादार होते. कोकणातले, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. त्यांचे पंचनामे वाचायचा मला कंटाळा, कारण ते दिसेल ते सगळं लिहीत. दिवाळीनंतर त्यांचा असाच एक लांबलचक कागद आला. शीव कोळीवाड्यातली एक कोळीण पहाटे टोपली घेऊन लालबागच्या बाजाराला निघाली होती, ती माटुंग्याच्या बाजूला खाजणातल्या पाण्यात मेलेली सापडली. गळ्यावर काळसर वळ. डाव्या हातात बांगडी नाही, उजवा हात मोकळा.

मी उंटावरून शेळ्या हाकल्या. दोन्ही हात रिकामे, म्हणजे बाई विधवा. कागदावर नवऱ्याचं नाव होतं, पण नवरा मेला तरी त्याचं नाव बाईला चिकटलेलंच असतं. विधवेने पाण्यात जीव देणं आमच्या आळीतल्या विहिरींनाही नवं नव्हतं. वळ? पदराचा पीळ बसला असेल. 'विधवा, पाण्यात जीव दिला,' असं मी दोन ओळींत उरकलं. महिन्याभराने तसाच दुसरा कागद आला, तेव्हा तर मी विचारही केला नाही. साहेब म्हणाले, गोषवारा असा असावा. मी आपली पाठ आपणच थोपटून घेतली.

मग एके दिवशी जमादार एका माणसाला घेऊन माझ्या टेबलाशी आले. काळा, रुंद खांद्यांचा कोळी, डोक्याला लाल टोपी. त्याने हात जोडले.

"सायब, मी जिता हाय," तो म्हणाला. "मंग माजे बायकोला रांडव कोनी लिवलं?"

कचेरीतले दोघे-तिघे मान वर करून बघायला लागले. जमादारांनी मला व्हरांड्यात नेलं.

"रावसाहेब, कोळणीचा उजवा हात मोकळाच असतो," ते हळू आवाजात म्हणाले. "लग्नात त्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. राहतात त्या डाव्या हातातल्या. ह्या दोघींच्या त्याच गेल्यात. आजूबाजूला फुटकी काच नाही, मनगटावर ओरखडा नाही. मेल्यावर सावकाश, एकेक करून उतरवल्यात. माणूस एकच आहे, आणि तो थांबायचा नाही."

त्यांना हवे होते चार शिपाई, पहाटेच्या वेळी खाजणाच्या वाटेवर. ते मिळायचे तर दोन्ही मरणं म्हणजे खून, आणि एकाच हातचे, हे साहेबांना पटायला हवं होतं. त्यासाठी आधी माझे दोन शेरे खोडायला हवे होते.

"बघतो," मी म्हणालो.

काय बघणार होतो? शिपायांची फौज त्या दिवसांत घरोघर आजारी शोधायला लावलेली. लोक बोचकी बांधून गावाला पळत होते, आणि शहरात आणखी घबराट होईल असं काही कागदावर येऊ द्यायचं नाही, असा वरून हुकूम. परळहून 'खून' हा शब्द आला की साहेबांच्या कपाळाला आठी पडे. सरकारला मेलेल्या कोळणींपेक्षा चालू गिरण्यांची काळजी. हे सगळं खरं आहे, आणि पुष्कळ वर्षं मी ते लोकांना सांगत आलो. पण मी गप्प बसलो ते त्यासाठी नाही. नव्या वर्षी मला हेडक्लार्कची जागा मिळायची होती, आणि ज्या दोन कागदांवर साहेबांची सही, ते माझ्या अडाणीपणाने चुकले असं मला माझ्याच तोंडाने सांगायचं नव्हतं.

त्या कोळ्याला मी सांगितलं, "सही झाली की कागद बदलत नाही." धडधडीत खोटं. ह्याहून मोठे कागद मी स्वतः बदलले होते. त्याने पुन्हा हात जोडले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मागल्या दारी नेहमीची कोळीण आली. माझं लग्न झाल्यापासून ती येत होती, तिच्या हातचं पापलेट मी शेकडो वेळा खाल्लं होतं. डावा हात कोपरापर्यंत हिरव्या चुड्याने भरलेला, उजवा मोकळा. इतक्या वर्षांत मी फक्त टोपलीत बघत आलो होतो.

"असं काय बघता तिच्याकडे?" बायकोने विचारलं.

"कोलंबी ताजी आहे का ते बघतोय," मी म्हणालो.

आठ दिवसांनी तिसरी सापडली. हिच्या मरणाला माझं अज्ञान कारण नव्हतं. मला सगळं माहीत होतं आणि मी मूग गिळून बसलो होतो. त्या कागदाचा गोषवारा मी शब्दन्‌शब्द खरा केला: सधवा, गळा आवळलेला, डाव्या हातातल्या बांगड्या काढून नेलेल्या.

साहेबांनी मला आणि जमादारांना आत बोलावलं. कागद दोनदा वाचला.

"तीन झाल्या," ते इंग्रजीत म्हणाले. "हे एकाच माणसाचं काम असेल तर मला शिपाई द्यावेच लागतील, वर कळवावं लागेल. आधीच्या दोघींचं काय? त्याही अशाच होत्या?"

जमादार माझ्या तोंडाकडे बघत होते. प्रश्न त्यांना कळला नव्हता, पण तो कशाबद्दल होता ते कळलं होतं.

"नाही साहेब," मी इंग्रजीत म्हणालो. "त्या विधवा होत्या."

साहेबांना हायसं वाटलं. एकट्यादुकट्या खुनासाठी माणसं नाहीत, चौकीने आपल्या परीने बघावं, असं म्हणून त्यांनी कागद बाजूला सारला. होळीपर्यंत आणखी दोघी गेल्या. तो माणूस कधीच सापडला नाही. त्या दोघींचे पंचनामेही माझ्याच टेबलावरून गेले, तेव्हा मी हेडक्लार्क होतो.

पण त्या दिवशी आम्ही साहेबांच्या खोलीतून बाहेर आलो, तेव्हा जमादारांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"तुम्ही सगळं सांगितलंत ना?"

"सांगितलं."

त्यांनी मान हलवली. "सरकारच तसलं, त्याला तुम्ही तरी काय करणार," ते म्हणाले. "तुम्ही होतात म्हणून निदान कानावर तरी गेलं." आणि बापाच्या वयाच्या त्या माणसाने मला ताठ उभं राहून सलाम केला. मी तो घेतला.