फाटकाजवळचा डबा

मोबाईलवरचा नकाशा बघत कुणीतरी लपवलेले डबे शोधायचं वेड माझ्या नातीला, सईला, लागलं आहे. काल ती मला गावाबाहेरच्या जुन्या दारूगोळा कारखान्यात घेऊन गेली. महायुद्धात इथे तोफगोळे भरत. आता छप्पर नसलेल्या भिंती आणि माजलेली घाणेरीची झुडपं. फाटकाजवळच्या कोनाड्यात, सैल विटेमागे, सईला प्लास्टिकचा डबा सापडला आणि तिने उडीच मारली.

याच फाटकाशी माझी आई रोज मंगळसूत्र, जोडवी, केसांतले आकडे काढून पत्र्याच्या डबीत ठेवायची; कामावरच्या प्रत्येकीची डबी वेगळी. आत ठिणगी पडायला एवढासा धातूही पुरे. मग गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधून ती गोळे भरायला जायची. एकदा स्फोट झाला. त्या संध्याकाळी तीन डब्या न्यायला कोणी आलंच नाही, एवढंच ती सांगायची. मीही पुढे विचारलं नाही. सईला तर हे कधी सांगितलंच नाही. हरवलेल्या माणसांना कोण शोधतो? लपवलेले डबे शोधायला मात्र लोक उन्हातान्हात पायपीट करतात.

डब्यात एक वही होती. शोधणाऱ्यांची नावं, हसरे चेहरे, ‘झकास जागा!’

“आजोबा, तुमचंही नाव लिहा ना.”

मी आईचं लिहिलं.

सईने वाकून वाचलं. “हे तर पणजीचं! आजोबा, इथे येऊन गेलेल्यांचीच नावं लिहायची असतात,” म्हणाली, आणि तिने ते नीट खोडून टाकलं.