बेरार्दोच्या तीन पांडा

इटलीत, तेरामोच्या डोंगरात बेरार्दो आणि एर्सिलिया या नवराबायकोची बेकरी होती. ती पाव भाजायची, तो सात वाड्यांवर पोचवायचा. त्यासाठी १९८४ साली त्याने पहिली फियाट पांडा घेतली, चारही चाकांना जोर असलेली. सपाट काचा, झोळीसारख्या सैल सीटा, आणि काचेखाली सामान ठेवायला लांबलचक कापडी खण. खेचरं अडायची त्या बर्फात ती गुरगुरत चढायची.

२००५ मध्ये दुसरी पांडा आली, उंच, मागेही दारं असलेली. जुनी त्यांनी सांते नावाच्या धनगराला दिली. २०१३ मध्ये तिसरी आली, गोलसर कोपऱ्यांची, आतून गुळगुळीत. तोवर वाड्या ओस पडल्या होत्या, भट्टीही विझली होती. मग बेरार्दो विसरायला लागला. आधी तिसरी पांडा विसरला, मग दुसरी. मग एर्सिलियाही.

दर मंगळवारी त्याला शहरात डॉक्टरांकडे न्यावं लागे. तो अंगणातच अडून बसे. "ही गाडी माझी नाही. मी नाही बसायचा."

शेवटी एर्सिलिया सांतेकडे गेली. "तुझी जुनी पांडा मला दे, माझी नवी घे."

"वेडी झालीस का गं? हिला बकऱ्यांचा वास मारतो!"

"मारू दे."

ती जुनी गाडी घेऊन आली, तसा बेरार्दो लहान पोरासारखा हसला आणि आपणहून शेजारच्या सीटवर बसला. वळणं उतरताना म्हणाला, "बाई, तुम्ही छान चालवता. आमची एर्सिलिया गिअर नुसता करकरवते."

त्याने आयुष्यात तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तिने आवाज सांभाळला. "कुठे असते ती?"

"घरी. भट्टीपाशी. तिला सांगू नका हं, परक्या बाईबरोबर फिरलो म्हणून."

"नाही सांगत."

तिसऱ्या वाडीपुढच्या झऱ्यापाशी त्याने गाडी थांबवायला सांगितली. "आमची मुलगी दोन महिन्यांची असतानाच गेली. मी रोज पाव टाकून इथे यायचो, रडायचो, तोंड धुवायचो, मग घरी. एर्सिलियाला वाटायचं, मला काही वाटतच नाही."

एर्सिलियाला खरंच तसं वाटलं होतं. त्या हिवाळ्यात ती त्याला 'दगड' म्हणाली होती, आणि नंतर तो शब्द कधी मागे घेतला नव्हता. आता स्टिअरिंगवर डोकं टेकून ती रडू लागली.

"काय झालं बाई?"

"माझीही एक मुलगी होती."

बेरार्दोने टोपी काढली. अवघडून तिच्या खांद्यावर हात ठेवला, परक्या बाईच्या ठेवावा तसा, बोटांच्या टोकांनी.

"घरी गेल्यावर नवऱ्यापाशी रडा," तो म्हणाला. "आम्ही नाही रडलो."

पुढच्या फेब्रुवारीत तो गेला. तोवर दर मंगळवारी एर्सिलिया त्या झऱ्यापाशी थांबत राहिली आणि तो तिला तीच गोष्ट नव्याने सांगत राहिला. ती कोण, हे तिने त्याला एकदाही सांगितलं नाही.